समाजशास्त्र आहे, पण टीवायला आहे का?

ठाणे. बारावीच्या निकालानंतरचा शनिवार.

मार्कशीट हातात आली की घराघरांत तेच दोन प्रश्न सुरू होतात. समाजशास्त्र घेऊन करणार काय? आणि घ्यायचंच असेल तर चांगलं कॉलेज कुठलं? पहिल्याला उत्तरं आहेत. एम.ए. करून प्राध्यापकीसाठीच्या नेट-सेट परीक्षा, संस्थांमधली सर्वेक्षणाची कामं, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, यूपीएससीला २५०-२५० गुणांचे दोन वैकल्पिक पेपर. दुसऱ्या प्रश्नावर मात्र लोक कटऑफ सांगतात, आणि गाडी तिथेच घसरते. मोठ्या नावाच्या कॉलेजातही समाजशास्त्र विभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि तासिका तत्त्वावरचे एक शिक्षक एवढाच असू शकतो.

म्हणून कॉलेजच्या काउंटरवर पहिला प्रश्न हा विचारावा: समाजशास्त्र मेजर म्हणून टीवायपर्यंत, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत, शिकवलं जातं का? ‘आमच्याकडे समाजशास्त्र आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एखादा विषय कॉलेजात तीन रूपांत असू शकतो. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय) किंवा ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे ओई. ओई दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायची असते, त्यामुळे समाजशास्त्राची ओई बहुधा कॉमर्स-सायन्सच्या मुलांसाठी असते. आर्ट्सच्या मुलाला तिचा काही उपयोग नाही. मायनरचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारं वजन, मेजरपेक्षा बरेच कमी. एफवायला विषयगट भरताना हे पाहिलं नाही, तर एसवायला कळतं की मेजर फक्त अर्थशास्त्र आणि इतिहास. तोवर वर्ष गेलेलं असतं. त्यातही मुलं कमी पडली म्हणून टीवायचा वर्गच भरला नाही, असंही होतं. मागच्या वर्षी टीवायला समाजशास्त्राची किती मुलं होती, हा आकडा मागून घ्यावा. तो सांगायला कॉलेज का-कू करू लागलं, तर तेही एक उत्तरच.

मग शिक्षक. पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? तासिका तत्त्वावरची माणसं कमी शिकवतात, असं अजिबात नाही. पुष्कळदा नेट-सेट झालेली, पीएच.डी. करणारी, तळमळीची असतात. पण त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते. ती लांबली की पहिल्या सत्राचे दोन महिने फळ्यावर ‘तास नाही’. शिवाय एसवायला ज्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम समजावला ते टीवायला असतीलच असं नाही, आणि प्रकल्पाचा मार्गदर्शक मध्येच बदलला की तो प्रकल्प कॉपी-पेस्ट होतो. विभागाचं वेळापत्रक बघायला मागावं. चारही दिशांनी एकच नाव दिसलं, तर विभाग एका खांद्यावर उभा आहे.

ग्रंथालयातही दहा मिनिटं घालवावीत. घुर्ये, श्रीनिवास, ए. आर. देसाई, इरावती कर्वे या अभ्यासकांची मूळ पुस्तकं कपाटात आहेत की नुसती गाईडं? हे सगळे इथलेच, मुंबई विद्यापीठाच्या परंपरेतले. समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिस यांनी १९१९ साली इथे सुरू केला आणि १९२४ पासून घुर्ये यांनी तो घडवला. त्या गावात राहून गाईडवर पदवी घ्यायची म्हणजे समुद्राकाठी राहून डब्यातले मासे खाण्यासारखं.

आता फील्ड प्रोजेक्ट, आणि इथे आपल्या भागातल्या मुलांची चांदी आहे. क्रेडिटचा हिशोब साधा: वर्गातल्या शिकवण्याला एका क्रेडिटला १५ तास, फील्डवर्कला ३०. दोन क्रेडिटचा प्रकल्प म्हणजे ६० तास माणसांमध्ये. ठाणे–नवी मुंबई पट्ट्यात विषय शोधावा लागत नाही. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था, तिची स्थापना १९७० ची. तिने आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर शहर उभं केलं, १९८४ साली जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देणारी योजना आली. त्या भूखंडांचं पुढच्या पिढीत घरात काय झालं, कुणाच्या नावावर काय राहिलं, बहिणींना काय मिळालं, हा विवाह आणि नातेसंबंधांचा जिवंत धडा. तुर्भ्याला बाजार समितीतले माथाडी, चेंदणी कोळीवाड्यातली बदलती घरं, येऊरचे आदिवासी पाडे. कॉलेजला विचारायचं ते इतकंच: गेल्या वर्षीचे प्रकल्प दाखवता का? विषय ‘सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम’ आणि प्रश्नावली ५० वर्गमित्रांकडून गूगल फॉर्मवर भरून घेतलेली असेल, तर कुणी वर्गाबाहेर पडलेलं नाही.

माध्यमाचं वेगळंच दुखणं. पेपर मराठीत लिहिता येतो, पण शिकवणं इंग्रजीत आणि नोट्सही इंग्रजीत असतील तर ‘अ‍ॅनॉमी’चं (समाजातले नियम सैल पडल्याची अवस्था) मराठीत काय लिहायचं हा प्रश्न मुलांना परीक्षेच्या आदल्या रात्री पडतो. मराठीत लिहिणारी किती मुलं आहेत आणि शिक्षक दोन्ही भाषांत संज्ञा देतात का, हे वरच्या वर्गातल्या मुलांना विचारावं, ऑफिसला नाही.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी अख्ख्या कॉलेजला मिळते, विभागाला नाही. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पदवी विद्यापीठाचीच. एवढं पुरे.

प्रवास मोजताना नुसतं अंतर बघू नये. ठाण्याहून वाशी ट्रान्स-हार्बरने साधारण अर्धा तास, पण तुर्भ्याच्या पुढे नेरूळ-पनवेलकडे जायचं तर गाडी कुठली ते बघावं लागतं. सोमय्या कॉलेजसाठी विद्याविहारला उतरायचं, तर तिथे फास्ट थांबत नाही. समाजशास्त्र आणि मानवशास्त्र एकत्र शिकवणारं सेंट झेवियर्स हवं असेल, तर सीएसएमटीची रोजची गर्दी आधी एक आठवडा अनुभवून पाहावी.

नव्या धोरणात पदवी चौथ्या वर्षापर्यंत नेता येते, त्याचंही आताच विचारावं. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि कॉलेजला त्या वर्षाची परवानगी असावी लागते. नसेल तर तीन वर्षांवर पदवी घेऊन दोन वर्षांचं एम.ए.

अर्जाचा घोटाळा दरवर्षी तोच. मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी आणि कॉलेजचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी. एक करून दुसरी विसरली की गुणवत्ता यादीत नावच नाही. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर मिळायला वेळ लागतो, त्यामुळे निकालाची वाट न पाहता त्यांचा अर्ज आधीच टाकावा. बारावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं ना, तेही पाहावं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्ती अडकते ती पुष्कळदा यावरूनच. पहिली यादी लागली, नाव आलं आणि मेजर हवं ते मिळालं, तर मुदतीतच फी भरावी.