शाळेचा संघ, क्लबचा संघ आणि एकच शरीर

माझी भाची अमेरिकेत हायस्कूलच्या चीअरलीडिंग (घोषणा, नाच, उड्या आणि एकमेकींना उचलण्याच्या कसरती) संघात आहे आणि त्याच वेळी एका क्लबच्या स्पर्धा संघातही आहे. हे दोन्ही सांभाळता येईल का, असे माझ्या बहिणीने विचारले, तेव्हा गोव्यातील फोंड्यात क्रीडाशिक्षिका म्हणून जे पाहत आले त्याच्या आधारे मी तिला सविस्तर उत्तर लिहिले. वेळापत्रक जुळवता येते. मात्र मुलीच्या शरीरावर दोन्हीकडून मिळून किती भार पडतो याचा हिशेब कोणाकडे आहे, ही माझी खरी चिंता आहे.

शाळेचा संघ ऑगस्टअखेरपासून अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांत मैदानाच्या कडेला उभा राहून प्रेक्षकांना साथीला घेतो आणि हिवाळ्यात बास्केटबॉलच्या लाकडी कोर्टाजवळ येतो. क्लबचा संघ कोणत्याही सामन्यासाठी नसतो. जास्तीत जास्त अडीच मिनिटांच्या एका रचनेसाठी तो वर्षभर घाम गाळतो आणि साधारण नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत स्पर्धांत उतरतो. क्लबचा फ्लोअर स्प्रिंगचा असतो, तर शाळेत तीच उडी गवतावर किंवा साध्या मॅटवर घ्यावी लागते, आणि तिथे मनगट, घोटा व कंबर यांना बसणारा धक्का निराळा असतो. त्यात भाची शाळेत फ्लायर आहे, म्हणजे वर उचलली जाते, आणि क्लबमध्ये बेस आहे, म्हणजे दुसरीला उचलते. एका संध्याकाळी वरून झेलले जायचे आणि दुसऱ्या संध्याकाळी तोच भार खांद्यांवर घ्यायचा, हे दोन्ही प्रशिक्षकांना ठाऊक असायलाच हवे.

आमच्याकडेही ओढाताण असते. सुब्रतो चषक या आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेची तयारी आणि क्लबचा सराव पावसाळ्यात एकत्र येतात, त्यातच चवथीची सुट्टी येते, आणि मुली थकलेल्या पायांनी मैदानावर उतरतात. तरी फुटबॉलमध्ये राखीव खेळाडू असतो. चीअरलीडिंगमध्ये स्टंट, म्हणजे उचलण्याची कसरत, करणाऱ्या चौघींपैकी एक आली नाही, तर उरलेल्या तिघींचा सरावच थांबतो. त्यामुळे तिथले प्रशिक्षक रजेबाबत कडक असतात, आणि त्यांचा हा कडकपणा मला समजतो.

म्हणून मी बहिणीला एकच वही ठेवायला सांगितले. दोन्हीकडच्या सरावाचे तास, उड्या आणि दुखणाऱ्या जागा तीत रोज लिहाव्यात आणि ती दोन्ही प्रशिक्षकांना दाखवावी. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था आठवड्यातून किमान 1 दिवस पूर्ण विश्रांती आणि वर्षात एकूण 3 महिने त्या खेळापासून सुट्टी सुचवते. दोन संघांत असलेल्या मुलीचा हा 1 दिवस सर्वांत आधी हरवतो, कारण प्रत्येक प्रशिक्षक आपल्यापुरती सुट्टी देत असतो आणि त्या दोन सुट्ट्या एकाच दिवशी येत नाहीत. कंबर सतत मागे वाकवणाऱ्या मुलींमध्ये मणक्याच्या हाडाला सूक्ष्म तडा जाण्याचा धोका असतो, त्यामुळे टिकून राहिलेली कंबरदुखी ‘अंग दुखतंय’ म्हणून सोडून देऊ नये, हेही मी तिला आवर्जून लिहिले.

शेवटी भाचीने शाळेच्या संघाच्या स्पर्धांतून माघार घेतली आणि शाळेच्या सामन्यांत साथ देण्याचे काम तेवढे ठेवले. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण शाळेच्या सामन्यांत तिला वर्गमैत्रिणींचा सहवास मिळतो आणि स्पर्धेची तिची ओढ क्लबमध्ये पूर्ण होते. डिसेंबरमध्ये मात्र एका स्पर्धेच्या दिवशीच शाळेचा बास्केटबॉल सामना आहे; त्या दिवशी ती क्लबसोबत असेल, असे बहिणीने हंगाम सुरू होण्याआधीच दोन्ही प्रशिक्षकांना लेखी कळवले आहे.