भिंत घासण्याआधी ओल शोधली

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात आषाढ-श्रावणात आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. घर जांभ्या दगडाचं, आतून सिमेंटचा गिलावा. दरवर्षी कपाटामागं काळे ठिपके, कपड्यांना कुबट वास. ब्लीचनं पुसलं की पंधरा दिवसांत पुन्हा तेच, कारण ओल तशीच राहायची. यंदा मी आधी पाणी कुठून येतं ते शोधलं.

जोत्याजवळचं पांढरं म्हणजे बुरशी नव्हे, लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार. पाणी शिंपडून बघा: लोणा विरघळतो, बुरशी विरघळत नाही. लोणा दिसला की भिंतीतूनच पाणी येतंय असं समजायचं. मग फूटभर चौरस जाड प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्कं लावून दोन दिवस ठेवलं. मागच्या भिंतीवर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब साचले. कपाटामागं मात्र आत कोरडं, म्हणजे तिथली ओल हवेतली. दोन जागा, दोन वेगळे उपाय.

मागच्या बाजूला परड्यातली माती वर्षानुवर्षं साचून जोत्याच्या वर आली होती. ती खणून जोत्याच्या वीतभर खाली नेली, भिंतीपासून दहा फुटांत सहा इंच उतार दिला आणि पागोळ्यांचं पाणी पन्हळीनं लांब सोडलं. अशा भिंतीला ऑइलपेंट कधीच देऊ नका. आतलं पाणी अडतं, रंग फुगतो, पोपडे सुटतात. चुना द्यावा, त्यातून भिंत सुकते आणि ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही.

हवेसाठी आर्द्रतामापक घेतला, पण आधी तो तपासला. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब थेंब पाणी घातलं, चिखलासारखं होईपर्यंतच. मीठ विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवले. आकडा 75 टक्के यायला हवा, माझा 70 आला. तेव्हापासून दिसेल त्यात 5 मिळवतो.

खरी चूक इथंच कळली. हवा खेळावी म्हणून पावसात दिवसभर खिडक्या उघड्या ठेवायचो आणि बाहेरची ओलीगच्च हवा घरात घ्यायचो. आता उघडीप मिळाली तरच उघडतो. कपडे निजायच्या खोलीत वाळत घालणं बंद केलं. मशीननं पिळलेल्या एका खेपेतसुद्धा दोनेक लिटर पाणी असतं आणि ते सगळं खोलीतच उतरतं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार इंच पुढं ओढलं. दार बंद करून ओल शोषणारं यंत्र चालवलं की आकडा 60 च्या खाली येतो. यंत्रावर लिहिलेली लिटरची क्षमता बहुधा 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजलेली असते. आपल्याकडच्या थंड पावसाळ्यात पाणी त्याहून कमीच निघतं. कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटात उपयोगी, खोलीत नाहीत. कापरानं नुसता वास झाकतो.

साफसफाई सगळ्यात शेवटी. एन-95 मास्क, पंखा बंद. कोरडा ब्रश मारू नये, बीजाणू घरभर उडतात. आधी भिजवून साबणपाण्यानं घासायचं आणि लगेच कोरडं पुसायचं. ब्लीच वापरलंच तर संडासाच्या ॲसिडसोबत कधीही नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो. भुसभुशीत झालेला गिलावा खरवडून काढला. चुना दिवाळीनंतरच, तोही प्लॅस्टिक पुन्हा दोन दिवस लावून आत थेंब दिसला नाही तर.