बेडूक, पत्रा आणि गॅल्वनाइज

मागच्या महिन्यात अनुवादाचं एक काम आलं होतं, कुठल्याशा प्रकल्पाचा इंग्रजी अहवाल, आणि त्यात एक वाक्य होतं की अमुक घटनेने गावातल्या बायकांना गॅल्वनाइज केलं, म्हणजे खडबडून जागं केलं. दुपारची वेळ, डोकं चालेना, म्हणून मी ते वाक्य भाषांतराच्या मशीनमध्ये टाकलं तर त्याने सरळ लिहून दिलं की त्या घटनेने बायकांवर जस्ताचा थर चढवला. मी एकटीच खो खो हसत बसले.

पण खरं सांगू का, मशीनला तरी का नावं ठेवायची, मराठीत हा शब्द तेवढ्यापुरताच तर आलाय. गॅल्वनाइज म्हटलं की आपल्याला पत्रा आठवतो, बादली आठवते, जीआय पाईप आठवतो. जीआयमधला जी म्हणजे गॅल्वनाइज्ड हेसुद्धा कित्येकांना माहीत नसतं, प्लंबर जीआय म्हणतो म्हणून आपण जीआय म्हणतो, विषय संपला. नेत्याच्या भाषणाने सभा गॅल्वनाइज झाली असं कोणी म्हणेल का? आपली माणसं पेटून उठतात, त्यांच्या अंगात वीज संचारते, आणि हल्ली तर चार्जच होतात.

तर हा शब्द आला एका माणसाच्या आडनावावरून. लुइजी गॅल्वानी, इटलीत बोलोन्याला शरीरशास्त्र शिकवायचा. १७८० च्या दशकात तो मेलेल्या बेडकांच्या पायांवर प्रयोग करत होता, पितळेच्या आकड्याला लावलेले ते पाय लोखंडी कठड्याला टांगले की आकाशात वीज नसतानाही फडफडायचे. त्याला वाटलं प्राण्याच्या अंगातच वीज असते, आणि १७९१ मध्ये त्याने तसं छापलं. पाविया शहरातल्या व्होल्टा नावाच्या शास्त्रज्ञाला हे काही पटलं नाही, तो म्हणाला बेडूक फक्त ओला आहे हो, खरी गंमत त्या दोन वेगवेगळ्या धातूंची आहे, आणि हे दाखवायला त्याने बेडूक काढूनच टाकला, जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या, मधे खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली. १८०० साली जगाला कळलेली ती पहिली बॅटरी. (जस्त इथे आलंय, लक्षात ठेवा.)

गॅल्वानीचा भाचा अल्दिनी मात्र मामाच्या बाजूने, आणि जरा नाटकी. त्याने १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेताला तारा लावल्या, तर प्रेताचा जबडा हलला, एक डोळा उघडला, हाताची मूठ वर गेली. बघणाऱ्यांचं काय झालं असेल विचार करा. इंग्रजीतला तो लाक्षणिक अर्थ याच बाजूने आला, निपचित पडलेल्याला झटका देऊन हलवणं. त्यामुळे मला तो शब्द आता थोडा भुताटकीचा वाटतो, कोणाला गॅल्वनाइज केलं म्हणजे त्याआधी तो मढ्यासारखा पडला होता हे त्यात आलंच की.

आणि पत्र्याचं काय? १८३७ मध्ये सोरेल नावाच्या फ्रेंच इंजिनियरने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि त्याला नाव मिळालं गॅल्वनाइज. आता यात वीज कुठाय? लोखंड अ‍ॅसिडने साफ करायचं, साधारण ४५० डिग्रीच्या जस्तात बुचकळायचं, काढायचं. म्हटलं तर आपल्या कल्हईचाच मोठा भाऊ, फक्त कथलाच्या जागी जस्त. मी कितीतरी दिवस समजत होते की नाव चुकीचं पडलंय.

या थरावरूनही इंग्रजीत एक लाक्षणिक अर्थ निघालाय बरं का. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेचे जे कैदी उत्तरेच्या बाजूने शपथ घेऊन त्यांच्याच फौजेत भरती झाले त्यांना गॅल्वनाइज्ड यांकी म्हणायचे (यांकी म्हणजे उत्तरेकडचा), म्हणजे वरून मुलामा यांकीचा, आत माल जुनाच. आपल्याकडच्या पक्षांतरवाल्यांना हे किती फिट बसतं, पण राहू दे.

माझा गैरसमज दूर केला तो देवगडच्या घरी शेड घालायला आलेल्या फॅब्रिकेटरने. नवीन पत्र्यावर ती बर्फाच्या फुलांसारखी नक्षी असते ना, त्यावर उतरवताना एक लांब ओरखडा आला, आत काळपट लोखंड दिसायला लागलं, आणि मी लगेच किरकिर सुरू केली. तर तो म्हणतो, "ताई, एवढ्या चरीला काय होत नाय, बाजूचा जस्त स्वतः झिजतो पण लोखंडाला हात लावू देत नाय. वेल्डिंग मारलं तिथे मात्र जस्त जळून जातो, तिथे झिंकचा पेंट मारायलाच लागतो."

स्वतः झिजतो! मी तशीच आत जाऊन वाचत बसले. पाऊस पडला की त्या ओरखड्यात पाणी, एका बाजूला जस्त, दुसऱ्या बाजूला लोखंड. दोन धातू आणि मधे ओलावा, म्हणजे व्होल्टाची चळतच झाली की ती, बारीकशी. त्यात जस्त आधी खपतं आणि लोखंड वाचतं. म्हणजे पत्रा बनवताना वीज नसते, पण आमच्या पडवीवर पावसाळाभर ती चालू असते, आणि आम्ही खाली बसून भजी खात असतो.

न्हाणीघरात बाबांची जुनी बादली आहे, तिच्या पोटावर पांढरी भुकटी धरलीय, ते जस्त झिजतंय, आणि बुडाच्या सांध्याला जिथे जस्त पार संपलंय तिथे लाल गंज. आमच्याकडे खारा वारा, त्यामुळे सगळं लवकर संपतं. आई दर दिवाळीला ती भंगारात घालायला काढते आणि बाबा परत आत आणतात.

आणि ते वाक्य राहिलंच. वीज संचारली लिहून बघितलं, फारच भाषणासारखं वाटलं. पेटून उठल्या लिहिलं तर मोर्चा निघाल्यासारखं, आणि त्या तर पाण्याच्या टाकीचा हिशोब मागायला ग्रामपंचायतीत गेल्या होत्या. शेवटी लिहिलं, "त्यानंतर गावातल्या बायका पदर खोचून उभ्या राहिल्या." क्लायंटने एकही शंका काढली नाही, फक्त म्हणाले "उभ्या ठाकल्या" करा. केलं.