लहान कुत्रं गरीब असतं का?

‘डॉक्टरसाहेब, घरात पोरं लहान आहेत. छोटंच कुत्रं घेऊ ना? ते गरीब असतं.’ धुळ्यातल्या माझ्या दवाखान्यात हे सारखं विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो.

माझं उत्तर नेहमी एकच असतं: अंगावरून स्वभाव ठरवू नका. इंजेक्शन देताना ज्यांचं तोंड पट्टीनं बांधावं लागतं, त्यात पॉमेरियन आणि डॅशहुंडच जास्त. लॅब्राडोर बहुधा हात चाटत उभा राहतो. हा काही माझ्या एकट्याचा अनुभव नाही. २००८ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हजारो मालकांना विचारून माहिती जमवली. माणसांवर धावून जाण्यात डॅशहुंड, चिवावा आणि जॅक रसेल टेरियर पुढे होते.

डॅशहुंड तर जर्मनीत तयारच केला गेला तो बिळात शिरून बॅजरसारख्या चिवट जनावराशी झुंजायला. तो गरीब कसा असेल? पण सगळं रक्तातच असतं असंही नाही. २०२२ सालच्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता आला.

बाकीचं बरंचसं आपण घडवतो, आणि लहान कुत्र्याच्या बाबतीत तर बिघडवतो. परवा एक ताई पॉमेरियन काखेत घेऊन आल्या. सोबतच्या भाच्यानं त्याच्या डोक्याकडे हात नेला. कुत्र्याचं धापणं थांबलं, अंग ताठरलं, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसला, ओठ किंचित वर गेला आणि घशातून गुरगुर आली. सगळे हसले. ‘एवढासा जीव आणि राग बघा केवढा!’ तीच गुरगुर जर्मन शेफर्डची असती तर पोराला पटकन मागं ओढलं असतं. गुरगुर म्हणजे ‘लांब हो’ अशी विनवणी असते. ती कुणी ऐकत नाही हे कळलं की कुत्रं गुरगुरणं सोडतं आणि थेट दात लावतं.

व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातला २०१० सालचा अभ्यास हेच दाखवतो. २० किलोच्या आतली कुत्री जास्त भित्री, जास्त चिडकी आणि कमी ऐकणारी आढळली. त्यांचे मालक शिकवण कमी देत होते, खेळ-फिरणं कमी होतं, आणि नियम आज एक, उद्या दुसरा. शिक्षा जितकी जास्त, तितकी चिडचिडही जास्त दिसली.

साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांची मेंढवाड्यावरची कुत्री आठवा. चांगली थोराड. वाटसरू रस्त्यानं जात असला तर नुसता कान हलतो. मेंढरांत पाय टाकला की मात्र उठतात. लस द्यायला गेलो होतो, तेव्हा मालकानं मानेवर हात ठेवला, म्हणाला, ‘लावा हात, काही नही करस तो.’ आणि खरंच हललं नाही. त्याला काम आहे, हद्द ठाऊक आहे, आणि उगाच कुणी उचलून घेत नाही.

अर्थात मोठं कुत्रं चावलं तर इजा मोठी होते, लहान मूल नुसत्या धक्क्यानंही पडतं. म्हणून मूल आणि कुत्रं, कुठलंही असो, एकटं सोडू नका.

पिल्लू घेताना त्याची आई बघा. अनोळखी माणसाशी ती कशी वागते ते बघा. साधारण १४ आठवड्यांच्या आत पिल्लाला पोरं, म्हातारी माणसं, मोटारसायकलचा आवाज यांची सवय लावा. लहान आहे म्हणून सारखं उचलू नका, पायांवर चालू द्या. पग घेणार असाल तर आपल्या मे महिन्याचा विचार आधी करा. चपट्या नाकाच्या कुत्र्याला तो उन्हाळा झेपत नाही.

आणि छोटंसं ओरखडल्यागत चावलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजला कुत्र्याचं वजन कळत नाही.