आमची वाटचाल : टायगर, स्पिटफायर आणि उरलेले सगळे

स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या विमानांच्या-गाड्यांच्या प्रमाणबद्ध छोट्या प्रतिकृती; त्यांच्यावरचे लेख तयार करून देणं हा आमचा व्यवसाय. किट (सुट्या भागांचा संच) जोडायचं, टप्प्याटप्प्याचे फोटो काढायचे, मजकूर लिहायचा आणि मासिकांना किंवा किट बनवणाऱ्यांना द्यायचा. सुरुवातीला सगळे करतात तेच आम्हीही केलं: दुसऱ्या महायुद्धातली स्पिटफायर आणि मेसरश्मिट १०९ ही लढाऊ विमानं, टायगर रणगाडा. ही नावं खपतात, वादच नाही. पण टायगर १ रणगाडे प्रत्यक्षात बनले जेमतेम १,३५०. त्यांच्यावरच्या लेखांची गणतीच नाही. चिखल कसा लावावा, रंगाचे पोपडे कसे दाखवावेत, हे वाचकाला आमच्याआधी दहा जणांनी सांगितलेलं असायचं. संपादक शेवटचा फोटो बघून पान उलटायचे.

वळण मिळालं ब्लोम उंड फॉस बीव्ही १४१मुळे. १९३८ साली पहिल्यांदा उडालेलं हे टेहळणी विमान सरळसरळ लंगडं दिसतं. इंजिन एका धडावर, माणसं त्याच्या उजवीकडे वेगळ्या काचेच्या कोठडीत. पुढच्या आवृत्तीत तर शेपटीची उजवी आडवी पाती जवळजवळ काढूनच टाकली, मागच्या तोफचीला गोळीबारासाठी मोकळी जागा मिळावी म्हणून. लेख छापून आला आणि भाग हरवला का, अशी विचारणा सुरू झाली. लोक वाचतायत हे त्यावरून कळलं.

मात्र विषय दुर्मिळ आहे एवढ्यावर भागत नाही, हे आमचं ठाम मत. नेहमीच्याच रणगाड्याची, फक्त अँटेना वेगळी असलेली आवृत्ती निवडून कुणी ‘अनोखा विषय’ म्हणवत असेल तर म्हणवो बापडा. आम्ही एवढंच पाहतो: वस्तूचा आकार असा का झाला, हे टेबलावर जोडता जोडता दाखवता येईल का?

अंटार्क्टिकावर नेलेला स्नो क्रूझर घ्या. १९३९ साली शिकागोत बांधलेलं, १७ मीटर लांबीचं अजस्र वाहन. चाकं तीन मीटर व्यासाची आणि टायर अगदी गुळगुळीत. १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये, गाडी साडेतेवीस सेंटीमीटरची, चाक बेचाळीस मिलिमीटरचं. टायरवर नक्षी कोरायची नाही म्हणून आमचा कारागीर खूश होता! पण त्याच गुळगुळीतपणामुळे खरी गाडी बर्फात रुतून बसली. मग पुढच्या चाकांना जादा चाकं जोडली, मागच्यांना साखळ्या बांधल्या, आणि शेवटी कळलं की ती उलटी चालवली तर बरी चालते. तिचा सर्वांत लांबचा पल्ला, सुमारे १४८ किलोमीटर, रिव्हर्समध्येच झाला. म्हणजे डायोरामात (मॉडेलभोवती उभारलेल्या देखाव्यात) चाकोऱ्या गाडीच्या नाकासमोर हव्यात, मागे नकोत. पुढची चाकं एकेरी की दुहेरी, हेही कुठला क्षण दाखवायचा त्यावर ठरतं. लेखाची अर्धी पानं याच दोन गोष्टींनी भरली.

असल्या विषयांचं किट मिळालंच तर बहुतेक वेळा छोट्या उत्पादकाचं असतं. जुळवणीच्या खुंट्या नसतात, पंखांच्या मागच्या कडा जाड असतात, जादा प्लॅस्टिक सगळीकडे लोंबतं. भाग न चिकटवता आधी लावून बघायचे, शेपटीला भोक पाडून पितळी तार घालायची, मग पुट्टी आणि पॉलिश पेपर. वेळ दुप्पट जातो, मानधन तेवढंच. त्यामुळे अधूनमधून एखादा स्पिटफायर आजही करतो. दुकान चालायला हवं.

सध्या हातात फेअरी गॅनेट हे विमानवाहू जहाजावरचं जुनं ब्रिटिश विमान आहे. दोन प्रोपेलर, एकमेकांच्या उलट फिरणारे. गस्तीवर इंधन वाचवायला अर्धं इंजिन बंद ठेवायची सोय. पंखांची घडी दोन ठिकाणी पडते, इंग्रजी झेडसारखी. आमच्या किटमध्ये पंख पसरलेलेच आहेत, त्यामुळे बिजागऱ्या प्लॅस्टिक शीटमधून स्वतःच घडवाव्या लागतील. संपादक म्हणतात पसरलेलेच ठेवा, चार पानांत बसवा. आम्ही सहा मागितली आहेत.