फ्लश टँक आणि जिलेबीचा रंग

आई गावाहून आमच्याकडे घोडबंदर रोडला आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाली, "अरे, तुमच्याकडे रात्रभर पाणी वाहतंय." आम्हाला तो आवाज ऐकू येत नव्हता, असं म्हणणं खोटं ठरेल. ऐकू येत होता, पण कानांना त्याची सवय झाली होती. शिवाय आमच्या इमारतीत फ्लशची लाइन बोअरची, नळाची वेगळी. त्यामुळे "बोअरचंच आहे, जाऊ दे" ही पळवाट तयार होती. "बोअरचं पाणी काय आपोआप गच्चीवर चढतं?" या आईच्या प्रश्नावर मात्र मी टँकचं झाकण काढलं.

पाणी नक्की टँकमधूनच कमोडमध्ये जातंय का, हे बघायला टँकमध्ये खाण्याचा रंग टाकतात, एवढं माहीत होतं. आईने डब्यातून जिलेबीचा केशरी रंग काढून दिला. २० मिनिटं कुणी फ्लश करायचा नाही, अशी घरात ताकीद दिली. पंधराव्या मिनिटाला चिरंजीव आत गेले आणि सवयीने बटण दाबून बाहेर आले. दुसऱ्यांदा दाराबाहेर पहारा ठेवला, तेव्हा कमोडच्या मागच्या बाजूने केशरी रेघ उतरलेली दिसली.

म्हणजे तळाचा वायसर गेला, असा निकाल मी लावून टाकला. टँकला पाणी देणारा भिंतीजवळचा छोटा नळ, म्हणजे अँगल कॉक, बंद करायला गेलो तर तो जाम. सहा वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. पान्याने जोर दिल्यावर फिरला खरा, पण मानेतून थेंब गळायला लागला. टँक रिकामा करून फ्लशचा व्हॉल्व्ह डावीकडे पाव फिरकी दिली की उचलून हातात येतो, त्याला जोर लागत नाही. बुडाशी रबरी चकती असते, तोच वायसर. दुकानात मी मापाचा अंदाज सांगून एक घेतला, तो मोठा निघाला. दुसऱ्या फेरीला जुना वायसर खिशात टाकून गेलो. पहिल्याच वेळी न्यायला हवा होता.

नवा बसवला. रात्री पुन्हा तोच शूऽऽ.

चूक कुठे झाली ते दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. रंग कमोडमध्ये उतरण्याला दोन वाटा असतात. एक वायसरखालून. दुसरी टँकच्या मधोमध उभ्या असलेल्या ओव्हरफ्लोच्या नळीतून, पाणी तिच्या तोंडापर्यंत चढलं तर. रंगाची चाचणी या दोन्हींत फरक करत नाही. तो फरक कळायला टँक भरू द्यायचा, अँगल कॉक बंद करायचा आणि पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करायची. पातळी उतरली तर दोष वायसरचा. तशीच राहिली, तर पाणी भरणाराच व्हॉल्व्ह, ज्याला जुनी माणसं बॉलकॉक म्हणतात, तो पुरता बंद होत नाही. सकाळी पाणी खुणेवरच होतं. नवा वायसर उगाच बसवला होता.

भरणाऱ्या व्हॉल्व्हचं टोपण काढलं. आतल्या पातळ रबरी पडद्याखाली रेतीचे दोन-तीन कण आणि पांढरा थर. महिन्याभरापूर्वी सोसायटीची टाकी साफ केली होती. तळाचा गाळ तेव्हा लाइनीत आला असावा. थर बोअरच्या जड पाण्याचा. पडदा आणि टोपण लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवलं. ही आईचीच युक्ती. इडलीपात्रातला थर ती असाच काढते. संडास धुवायचं ॲसिड टँकमध्ये ओतायचा मोह झाला होता, पण त्याने रबर आणि आतले स्क्रू खराब होतात. ॲसिड आणि ब्लीच तर एकत्र कधीच करायचं नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पडदा परत बसवण्याआधी उघड्या व्हॉल्व्हवर पाण्याचा मग उपडा धरून अँगल कॉक क्षणभर सोडला, म्हणजे लाइनीत राहिलेले कण बाहेर पडतात. तो धरायला विसरलं तर छताला आंघोळ. मी आधी विसरलो होतो. शेवटी फ्लोटचा, म्हणजे पाण्याबरोबर वर चढून व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या तरंगत्या भागाचा, स्क्रू फिरवून पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली इंचभर थांबेल असं केलं.

आवाज बंद झाला. अँगल कॉकच्या मानेतला थेंब मात्र चालूच आहे. कॉक बदलायचा तर डक्टमधला, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या पोकळीतला, मोठा व्हॉल्व्ह बंद करावा लागेल, आणि त्यासाठी वॉचमनकडून डक्टची किल्ली घ्यावी लागेल. रविवारपर्यंत थेंबाखाली तोच मग ठेवलाय. सकाळी तो भरलेला असतो आणि आई ते पाणी बाल्कनीतल्या कढीपत्त्याला घालते.