पंचशील न घेताच?

“त्रिसरण-पंचशील न घेताच ध्यानाला बसवलं?” आईने भाकरी थापता थापता विचारलं. म्हणजे बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं आणि पाच शील पाळायचं वचन.

आज समुपदेशक मॅडमनी माझ्या तळहातावर एक मनुका ठेवली. नीट बघा, वास घ्या, जिभेवर ठेवा, लगेच चावू नका. मग १० मिनिटं डोळे मिटून फक्त श्वास. येतोय, जातोय. कित्येक दिवसांनी छातीवरचं ओझं जरा हललं. घरी येऊन तेच आईला सांगत होते.

“हे तर आनापान!” म्हणजे श्वासाकडे लक्ष ठेवायचं ध्यान. तिने इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर १० दिवसांचं शिबिर केलंय. तिथे पहिल्या संध्याकाळी आधी शील घेतात, मग श्वासाकडे वळतात.

मॅडमची पद्धत, माइंडफुलनेस, अमेरिकेतून आलेली. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, धर्माची भाषा जाणूनबुजून बाजूला ठेवून. पुढे नैराश्य उलटू नये म्हणून मानसोपचारातही ते आलं. ती भाषा बाजूला ठेवली म्हणूनच ते दवाखान्यांत पोचलं, माझ्यापर्यंतही. त्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे.

पण आईचा प्रश्न डोक्यातून जाईना. तिच्या लेखी श्वास ही पहिली पायरी नाहीच. कुणाला दुखावणार नाही, खोटं बोलणार नाही, हे आधी ठरवायचं. “मन तिथूनच निवायला लागतं गं.”

माझ्या सेशनमध्ये मी होते, माझा श्वास होता, माझी चिंता होती. दुसरं कुणी नव्हतंच.

पुढच्या गुरुवारी मॅडमना विचारणार आहे. तुमच्यापैकी कुणी दोन्ही केलंय का?